जनीचा पहिला पगार

करंबेखार गावात व्याज, वाटा आणि पगार या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि धर्मा घरताच्या घरात जे काही झालं ते या तिन्हींची गल्लत केल्यामुळे झालं, असं गावातले जाणकार अजून सांगतात. व्याज म्हणजे पैसा गप्प पडून राहिला म्हणून बँकेने दिलेली बक्षिसी. वाटा म्हणजे खाडीकाठच्या खाजणातल्या मासळीचा. आणि पगार म्हणजे ज्याच्या नावाने येतो त्याला घरातला पहिला चहा मिळतो. धर्माने न्हावा शेव्याच्या बाजूला एका कंटेनर यार्डात सुपरवायझर म्हणून जन्म काढला होता, त्यामुळे पहिल्या चहाची त्याला सवय होती आणि तो आपला हक्क आहे याबद्दल त्याला कधी शंका आली नव्हती.

तर त्याच्या बायकोला, जनीला, माहेरच्या जमिनीतला हिस्सा मिळाला. जमीन कसली, मिठागराच्या कडेची एक पट्टी. ती रस्त्यात गेली आणि भावांनी बहिणीला न विसरता तिचे लाख रुपये तिच्या खात्यावर घातले. भावांनी असं आपण होऊन केलं यावर चार दिवस कुणाचा विश्वास बसला नाही. धर्माने मोठ्या मनाने विचारलं, बांगड्या करायच्या की बँकेत ठेवायचे? जनी भाकऱ्या करत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"माना पगार पायजे," ती म्हणाली. "म्हयन्याला नको, वर्साशी एकदा आला तरी चालंल. पन माझे नावान येवाला पायजे. पयल्या पगाराचा आयेला लुगडा घेवाचा हाय."

हे ऐकून धर्मा हसला, आणि लगेच गप्प झाला, कारण जनी हसत नव्हती. ती अठ्ठावन्न वर्षांची. लहानपणापासून आईबरोबर, ठमीबरोबर, मिठागरात फावडं ओढलेलं. हिशेबाच्या दिवशी मुकादमापुढे अंगठा लावायला जायचा तो बाप, लग्नानंतर सासरा. बायकांची मजुरी पुरुषांच्या मजुरीत मिळवलेली असायची, वेगळी काढायची रीतच नव्हती. जनीच्या दोन्ही भावांनी पहिल्या पगारात ठमीला लुगडं आणलं तेव्हा ठमीने ते सगळ्या गावाला दाखवलं होतं. जनीने ते दोन्ही वेळा घडी घालून पेटीत ठेवलं होतं. ठमी आता नव्वदीला टेकली होती, डोळ्यांनी अंधुक, कानांनी शाबूत. म्हणजे घाई होती, आणि ती घाई जनीने बोलून दाखवली नाही तरी धर्माला कळली.

एरवी त्याने मुकाट बँकेत पैसे ठेवले असते. पण निवृत्त सुपरवायझराच्या हातात मोबाइल असला की तो मुकाट राहत नाही. त्याने तीन दिवस ओट्यावर बसून अभ्यास केला आणि त्याला ईटीएफ नावाची चीज सापडली. पंचवीस-तीस कंपन्यांचे शेअर एका टोपलीत भरायचे आणि त्या टोपलीचे बारीक हिस्से बाजारात विकायचे. एका हिश्शाला युनिट म्हणतात. कंपन्या फंडाला लाभांश देतात, आणि एखादा फंड तो साठवून मधूनमधून युनिटवाल्यांना वाटतो. धर्माला हे वाचता वाचता आपलं खाजण दिसायला लागलं. पुष्कळांच्या जमिनी, सगळ्यांना मिळून एक बांध, एक उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायची दारं, आणि वर्षातून एकदा मासळीची वाटणी. आपल्या वाडवडिलांनी शेअर बाजार आधीच चालवला होता, फक्त त्याला चिखल लागलेला होता, असं त्याचं मत झालं.

त्यातल्या एका फंडाच्या पानावर लाभांशाचा इतिहास होता. सगळ्यात वरच्या ओळीत, मागच्या वर्षापुढे, लिहिलं होतं: पन्नास टक्के.

धर्माने चष्मा पुसून परत वाचलं. लाखाचे पन्नास हजार, दर वर्षी. ही गोष्ट घरात ठेवण्यासारखी नव्हती, आणि ओट्यावर शेजारचा सदा बसलेलाच होता. सदा निवृत्त ग्रामसेवक. सरकारी नोकरीत त्याने इतक्या योजना बुडताना पाहिल्या होत्या की कुठल्याही चांगल्या बातमीने तो आधी खिन्न व्हायचा. त्याने शांतपणे विचारलं की पन्नास टक्के तुला मिळतात तर ते जातात कुणाचे. धर्माला हा प्रश्न हलक्या मनाचा वाटला. पण संध्याकाळपर्यंत सदाने गावात खिन्नपणे पन्नास जणांना ही बातमी सांगितली होती.

मग जनीचे दिवस पालटले. पाण्याच्या टाकीवर तिला बायका पुढे सोडू लागल्या. आईला लुगड्याऐवजी पाटल्या कराव्यात असा सल्ला तिला चार घरांतून मिळाला, पाचव्या घरातून चारधाम. सदाची बायको केसर, जिच्याशी जनीचं आंब्याच्या फांदीवरून दोन वर्षं बोलणं नव्हतं, तिने सुकटीची चटणी पाठवली. बांधाच्या बैठकीत धर्माला खुर्ची मिळाली, आणि उघाडीच्या दुरुस्तीसाठी जमवलेला पैसाही त्या टोपलीत टाकावा का, असं पंचांनी त्याला अदबीने विचारलं. धर्मा म्हणाला, विचार करून सांगतो. असं वाक्य उच्चारायची संधी त्याला आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

शेअर बाजाराचं खातं जनीच्या नावाने उघडायचं तर तिच्या आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. तो जोडायचा तर बोटांचे ठसे हवेत. तालुक्याच्या सेवा केंद्रात तेव्हा रचना नावाची मुलगी बसायची. तिने जनीचा अंगठा यंत्रावर ठेवला आणि यंत्राने तो नाकारला. पुसून ठेवला, तेल लावून ठेवला, फुंकर मारून ठेवला. दुसरा अंगठा, मग तर्जन्या, मग मधली बोटं. इतक्या वर्षांच्या मिठाने बोटांवरच्या रेघा झिजून गेल्या होत्या. ही बाई जनी धर्मा घरत आहे हे मानायला यंत्र तयार नव्हतं. धर्माने सुपरवायझरी आवाजात सांगितलं की मी साक्षीला उभा आहे, ही माझीच बायको आहे. रचना म्हणाली, "काका, तुमचं मान्य आहे हो. त्याला मान्य नाही."

मागे रांग वाढत होती आणि जनी एकेक बोट मुकाट्याने पुढे करत होती. शेवटी डाव्या हाताची करंगळी उरली. फावडं धरताना ती करंगळी दांड्यावर टेकायची नाही, बाजूला सुटी राहायची. या खोडीवरून ठमी तिला लहानपणी रागवायची. यंत्राला ती करंगळी पटली. हिरवा दिवा लागला. परतताना रिक्षात जनी त्या बोटाकडे बराच वेळ बघत होती.

खातं उघडून द्यायचं काम मुलीकडे, कल्पिताकडे होतं. ती पनवेलला असते, मालवाहतुकीच्या ऑफिसात हिशेब बघते. तिने पान उघडलं, वाचलं, आणि बापाला फोनवर विचारलं, "बाबा, पन्नास टक्के कशाचे?"

धर्मा म्हणाला, लाखाचे. कल्पिता म्हणाली, दर्शनी किमतीचे. युनिटवर छापलेली किंमत दहा रुपये, त्याचे पन्नास टक्के म्हणजे पाच रुपये. पण ते युनिट बाजारात दीडशेला मिळतं. दीडशे घालायचे आणि पाच घ्यायचे. आपण घातलेल्या पैशावर जे सुटतं त्याला यील्ड म्हणतात, आणि ते इथे सव्वातीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे. तेही मागच्या वर्षाचं. पुढच्या वर्षी किती, हे कुणी लिहून दिलेलं नाही. बँक याच्या दुप्पट देईल, असंही ती म्हणाली, पण हे तिने हळू आवाजात सांगितलं.

फोन ठेवून धर्मा स्वयंपाकघरात गेला. मग जनीला सगळं खरं सांगितलं. तिने विचारलं, लुगड्यापुरते निघतील ना? निघतील, तो म्हणाला. मग बँकेत नको, ती म्हणाली, व्याज माना नको. वाटा येतो तो पगाराच्या जास्त जवळचा, असा तिचा हिशेब होता, आणि तो खोडून काढण्याइतकी हिंमत धर्मात त्या दिवशी उरली नव्हती.

गावाला सांगणं जास्त कठीण गेलं. बैठकीत त्याने उभं राहून दर्शनी किंमत समजावली. पंचांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि खुर्ची परत मागितली नाही, फक्त पुढच्या वेळी ती मांडली नाही. केसरने चटणीचा डबा परत मागवला.

एवढ्यात फंडाने नवा लाभांश जाहीर केला. परत पाच रुपये, आणि रेकॉर्ड डेट शुक्रवार. त्या दिवशी ज्यांची नावं फंडाच्या दप्तरी असतील त्यांना लाभांश मिळेल, असं लिहिलं होतं. हे वाक्य धर्माला इतकं लख्ख समजलं की त्याला कुणाला विचारायची गरज वाटली नाही.

करंबेखारात वाटणीचा नियम आहे. उघाडी उघडून खाजणाचं पाणी सोडतात त्या सकाळी ज्या घरचा माणूस बांधावर उभा असेल, त्या घराला वाटा. आदल्या दिवशी आलेल्याला काही जास्त मिळत नाही, त्याला नुसते डास चावतात. दुपारी आलेल्याला रिकामी टोपली. म्हणून शहाणा माणूस त्याच सकाळी, वेळेवर, स्वच्छ कपडे घालून येतो. कल्पिताने फोनवर सांगितलं होतं की बाबा, आधीच घेऊन टाका. धर्माला वाटलं, पोरगी शहरात राहून उतावळी झाली. त्यांच्याकडे आपले पैसे चार दिवस जास्त कशाला ठेवायचे?

शुक्रवारी दोघांनी आंघोळी केल्या. जनीने देवापुढे दिवा लावला, नवी साडी नेसली. बाजार उघडल्या उघडल्या धर्माने जनीच्या हाताने बटण दाबवलं. आणि चमत्कार असा की कालपर्यंत दीडशेला असलेलं युनिट आज एकशे पंचेचाळीसला मिळालं. धर्मा कृतकृत्य झाला. त्याने सदाला बोलावून दाखवलं की वेळेवर येणाऱ्याला बाजारसुद्धा सूट देतो. सदाने विचारलं की पाचच रुपये का उतरले, आणि धर्माने तिकडे दुर्लक्ष केलं.

लाभांश आला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. जनीने मोबाइल पदरात बांधून ठेवला. भात वेळताना, कपडे वाळत घालताना तो वाजला की ती हात पुसून बघायची. गॅसवाल्याचा, कर्जवाल्याचा, एकदा एका अनोळखी बाईचा प्रेमाचा मजकूर आला. शेवटी कल्पिताने दोन वाक्यांत निकाल लावला. शुक्रवारी घेतलेलं युनिट सोमवारी खात्यात आलं, म्हणून शुक्रवारच्या दप्तरात आईचं नाव नव्हतं. आणि पाच रुपये उतरले ते सूट म्हणून नाही. लाभांशाचा हक्क त्या युनिटमधून त्याच सकाळी वजा झाला होता.

म्हणजे ते दोघं बांधावर पोचले ते मासळी वाटून झाल्यावर. नवी साडी नेसून. धर्माला सगळ्यात जास्त हे लागलं.

जनीला मात्र त्याने हे सांगितलं नाही. त्याला ते जमलंच नाही. त्या रविवारी ती आईला भेटून आली होती, आणि ठमीने विचारलं होतं, पगार आला का ग. ठमी थोडी खोकत होती.

मग त्याने जे केलं ते प्रेमापोटी केलं, आणि प्रेमापोटी केलेल्या बहुतेक गोष्टींसारखं ते अर्धवट विचाराने केलं. जितका लाभांश आला असता तितकी रक्कम त्याने स्वतःच्या पेन्शनीतून काढली. स्वतःच्या खात्यातून पाठवली तर नाव दिसेल, म्हणून ती सदाच्या हातात दिली आणि त्याच्या मोबाइलवरून जनीला पाठवायला लावली. सदाने खिन्नपणे पाठवली.

जनीचा मोबाइल वाजला. इंग्रजी मजकूर, पुढे आकडा, आणि आकडा लुगड्याला पुरून उरणारा. ती धावत शेजारी गेली, आंब्याची फांदी विसरून, केसरच्या सुनेकडून वाचून घ्यायला. सुनेने केसरसमोर मोठ्याने वाचलं: जनी धर्मा घरत यांच्या खात्यात सदाशिव नारायण ठाकूर यांच्याकडून रक्कम जमा.

सुनेने मोबाइल जनीच्या हातात परत ठेवला. मग केसर उठली, जनीला हाताला धरून धर्माच्या दारात आली आणि म्हणाली, "धर्मा, आमचे म्हाताऱ्यान जनीला पगार कंच्या कामाचा दिला, ता माना सांग."

सदा मागच्या दाराने खाडीकडे निघून गेला होता. धर्माला सगळं सांगावं लागलं. शुक्रवार, सोमवार, पेन्शन, सगळं, केसरसमोर. केसरचं समाधान होईपर्यंत दोनदा सांगावं लागलं. जनी खांबाला टेकून ऐकत होती. केसर गेल्यावर ती म्हणाली,

"ह्यो तुमचा पगार हाय. तुमचे पगाराचा मी जलमभर खाल्लाय, त्याचा माना काय वाईट नाय वाटला. पन आयेला मी सांगू काय? परत नवऱ्यानंच अंगठा लावला?"

दुसऱ्या दिवशी तिने सगळे पैसे परत केले. चहा तिने धर्मालाच आधी दिला, पण त्याच्यासमोर बसली नाही.

त्या संध्याकाळी धर्मा बांधावर जाऊन बसला. उघाडीच्या दगडावर भरतीच्या पाण्याच्या खुणा आहेत, वर्षावर्षाच्या. सगळ्यात वरची खूण एका महापुराची. बाकीच्या कितीतरी खाली, काही एकमेकींना चिकटून, आणि दोन-तीन वर्षं अशी की खूणच नाही. गावात कुणीही मोठी खूण बघून म्हणत नाही की पाणी एवढं येतं. सगळ्या खुणा बघतात आणि मग बोलतात. धर्माने मोबाइल काढला आणि फंडाच्या इतिहासाचं पान खालपर्यंत, पहिल्यांदाच शेवटापर्यंत, सरकवलं. पाच रुपये. पाच रुपये. दोन. एक वर्ष कोरं. तीन. परत कोरं. ते पान सुरुवातीपासून तिथेच होतं, आणि त्याने फक्त वरची ओळ वाचली होती. त्याला स्वतःची लाज वाटली. घरी येऊन त्याने जनीला ते सगळं वाचून दाखवलं, कोऱ्या वर्षांसकट, आणि सांगितलं की पुढचं वर्षही कोरं जाऊ शकतं.

"बघू," जनी म्हणाली. "नाव तं लागलाय ना दप्तरात?"

लागलं होतं. मग त्यांनी वाट बघितली. पावसाळ्यात ठमीचा खोकला वाढला आणि एकदा रात्रभर भावांकडे बसावं लागलं. धर्माला माहीत होतं की दोघंही एकच हिशेब करत होते. दिवाळी गेली. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. सदा रोज ओट्यावर येऊन विचारायचा, काही आलं का, आणि नाही म्हटल्यावर प्रामाणिकपणे दुःखी व्हायचा. धर्माने त्याच्याशी भांडण काढायचं ठरवलं होतं, पण इतक्या मनापासून दुःखी होणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

मार्चअखेर फंडाने लाभांश दिला. वीस टक्के, म्हणजे युनिटमागे दोन रुपये. सगळे मिळून चौदाशेलाही बावीस कमी. जनी न्हाऊन ते पैसे काढायला सेवा केंद्रात गेली. रचना आता मोठ्या शहरात नोकरीला गेली होती. नव्या माणसाने अंगठा पुढे करा म्हटलं. जनीने डावी करंगळी ठेवली. हिरवा दिवा लागला, पैसे हातात आले. तिने ते दोनदा मोजले आणि मग धर्माला मोजायला दिले नाहीत.

दुकानात लुगडं सतराशेचं होतं. धर्माचा हात खिशाकडे गेला. जनीने नुसतं बघितलं, हात परत आला. दुकानदाराला तिने सांगितलं की पगार एवढाच झालाय, आणि पुढे एक अक्षर बोलली नाही. दुकानदार बराच वेळ बोलला. सुताचा भाव, भाडं, जीएसटी. शेवटी त्याने लुगडं बांधून दिलं.

ठमी पडवीत भिंतीला टेकून बसली होती. जनीने लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं. म्हातारीने आधी काठ चाचपले, मग पोत, मग घडी उलगडून नाकाला लावलं.

"कंच्या आगराचा पगार?" तिने विचारलं. धर्मा पुढे सरसावला. पंचवीस-तीस कंपन्या, टोपली, दर्शनी किंमत, हे सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण ठमीने त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. तिचा दुसरा प्रश्न पोरीला होता.

"अंगठा कुनी लावला?"

"अंगठा नाय आये," जनी म्हणाली. "अंगठा गेला मिठात. ही लावली." आणि तिने डाव्या हाताची करंगळी आईच्या हातात दिली.

ठमीने ती धरली. बोट चाचपलं, नखापासून मुळापर्यंत. "ही व्हय," ती म्हणाली. "ही कवा दांड्याला टेकली नाय." मग दोघी मायलेकी तशाच बसून राहिल्या, आणि म्हातारीने बोट सोडलं नाही. सुनेने चहा आणला. ठमीने मानेनेच खूण केली, आणि पहिला कप जनीला मिळाला. तिचा एक हात अडकलेला होता, म्हणून बशी धर्माने धरली.